एडी निघाला दुसऱ्या गावाला: वाचकांचे प्रश्न

अमेरिकेतल्या विद्यापीठाच्या क्रीडा विभागाचा प्रमुख म्हणजे ॲथलेटिक डायरेक्टर. तिकडे सगळे त्याला नुसतं ‘एडी’ म्हणतात. हा एडी जास्त पगारावर दुसऱ्या विद्यापीठात गेला की गावात काय गहजब होतो, याबद्दल तिकडे राहणाऱ्या आणि मुलांना तिकडे पाठवणाऱ्या वाचकांनी विचारलेले प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न: मुलगा नेब्रास्का विद्यापीठात आहे. मार्च २०२४ मध्ये तिथले एडी ट्रेव्ह अल्बर्ट्स टेक्सासला गेले. अजूनही लिंकनमध्ये विषय निघाला की लोक कडवटपणे बोलतात. माणसाने नोकरी बदलली, त्यात एवढं काय? पगारासाठीच गेले असतील ना?
*एक पालक, लिंकन, नेब्रास्का*

पगार वाढतोच. पण तेवढ्यासाठी या पदावरचा माणूस क्वचितच हलतो.

आधी लोकांच्या रागाचं बघू. अल्बर्ट्स हे मुळात नेब्रास्काचेच खेळाडू. १९९३ साली अमेरिकन फुटबॉलमध्ये देशातल्या सर्वोत्तम लाइनबॅकरला (बचावफळीतल्या खेळाडूला) दिला जाणारा बटकस पुरस्कार त्यांनी मिळवला होता. पुढे ओमाहाच्या विद्यापीठात ते बारा वर्षं एडी होते आणि जुलै २०२१ मध्ये लिंकनला आले. सप्टेंबर २०२२ मध्ये त्यांनी फुटबॉलचे प्रशिक्षक स्कॉट फ्रॉस्ट यांना काढलं आणि नंतर मॅट रूल यांना आणलं. ३० ऑगस्ट २०२३ रोजी फुटबॉलच्या मेमोरियल स्टेडियममध्ये महिला व्हॉलीबॉलचा सामना भरवून ९२,००३ प्रेक्षक गोळा केले. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्यांचा करार २०३१ पर्यंत वाढला आणि वर्षाचा पगार १७ लाख डॉलरवर गेला. त्यानंतर चार महिन्यांत, १३ मार्च २०२४ रोजी, ते टेक्सास ए अँड एमला जाणार असल्याची बातमी आली. बाहेरून आलेला माणूस गेला असता तर लोक चार दिवस बोलले असते आणि विसरले असते. इथे घरचाच माणूस गेला, तोही ताजा करार खिशात असताना. राग त्याचा आहे.

आता कारण. त्या वर्षी जानेवारी ते मार्चदरम्यान एकामागून एक खुर्च्या रिकाम्या होत गेल्या. ओहायो स्टेटमध्ये २००५ पासून एडी असलेले जीन स्मिथ निवृत्त होणार होते. त्यांच्या जागी जानेवारीत टेक्सास ए अँड एमचे रॉस ब्योर्क यांची निवड झाली. ब्योर्क यांच्या जागी ए अँड एमने अल्बर्ट्स यांना नेलं. नेब्रास्काने आठवडाभरात, २० मार्चला, वॉशिंग्टन विद्यापीठाचे ट्रॉय डॅनन यांना उचललं. आणि वॉशिंग्टनने २६ मार्चला शेजारच्याच वॉशिंग्टन स्टेटचे पॅट चन यांना घेतलं. डॅनन वॉशिंग्टनला आले होते ऑक्टोबर २०२३ मध्ये, म्हणजे तिथे ते जेमतेम पाच महिने होते.

यातली खरी मेख वेगळीच आहे. ओहायो स्टेटचे नवे अध्यक्ष टेड कार्टर त्याआधी नेब्रास्का विद्यापीठाचे अध्यक्ष होते. ते जाणार हे ऑगस्ट २०२३ मध्येच जाहीर झालं होतं. म्हणजे अल्बर्ट्स यांचा करार वाढला तेव्हा विद्यापीठाचे अध्यक्षच सामान बांधत होते, आणि २०२४ उजाडलं तेव्हा नेब्रास्काचा कारभार हंगामी अध्यक्षाकडे होता. एडीला नेमणारा, त्याला निर्णयात पाठीशी घालणारा आणि त्याच्यासाठी विश्वस्तांशी भांडणारा माणूस म्हणजे अध्यक्ष. तो गेला की एडीचं आसन डळमळतं, मग करार कितीही वर्षांचा असो. स्टेडियमच्या नूतनीकरणासारखे कोट्यवधींचे प्रकल्प हातात असतील तर जास्तच, कारण मंजुऱ्या त्याच खुर्चीतून यायच्या असतात. त्यामुळे तुमच्या विद्यापीठाचा एडी जाईल का, हे ओळखायचं असेल तर वर्तमानपत्राचं क्रीडापान नंतर वाचा, अध्यक्षपदाच्या बातम्या आधी.

पगाराबद्दल एवढंच की आकडा मोठा वाटला तरी हाताखालच्या उलाढालीपुढे तो लहान असतो. ए अँड एमने नोव्हेंबर २०२३ मध्ये प्रशिक्षक जिंबो फिशर यांना काढलं तेव्हा त्यांना देणं लागणारी रक्कम साडेसात कोटी डॉलरच्या वर होती. खेळाडूंच्या मोबदल्यावरून झालेल्या ‘हाउस’ नावाच्या खटल्याच्या, जून २०२५ मध्ये मंजूर झालेल्या तडजोडीनुसार १ जुलै २०२५ पासून विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे वाटू शकतात; पहिल्या वर्षी त्याची मर्यादा सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर होती. हा पैसा उभा करायचा, तो खेळाखेळांत वाटायचा आणि महिला खेळाडूंना समान संधी देण्याच्या कायद्याच्या चौकटीतही बसवायचा, हे सगळं एडीच्या डोक्यावर. ज्या विद्यापीठाला त्यात चूक परवडत नाही, ते दीड-दोन दशलक्ष डॉलर देऊन सिद्ध झालेला माणूस दुसऱ्याच्या दारातून उचलतं.

प्रश्न: आमच्या वॉशिंग्टन स्टेटचे चन थेट वॉशिंग्टन विद्यापीठात गेले, हे इथे कोणीच पचवलेलं नाही. असं जाणं करारात अडवता येत नाही का? सामान्य माणसाला तो करार बघायला मिळतो का?
*एक माजी विद्यार्थी, पुलमन, वॉशिंग्टन राज्य*

पुलमनचं दुखणं नेब्रास्कापेक्षा खोल आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये वॉशिंग्टन आणि ओरेगन ही विद्यापीठं बिग टेन या परिषदेत (परिषद म्हणजे आपसांत सामने खेळणाऱ्या विद्यापीठांचा गट) निघाली, त्यात त्यांची जुनी पॅक-१२ परिषद फुटली, आणि शेवटी वॉशिंग्टन स्टेट व ओरेगन स्टेट एवढीच दोन विद्यापीठं मागे उरली. ज्यांनी घर मोडलं त्यांच्याकडेच घरचा कारभारी नोकरीला गेला, असं तिथल्या लोकांना वाटलं तर त्यांना दोष देता येणार नाही. त्यात एडी गमावण्याची ही त्यांची पहिली वेळ नव्हती. २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये बिल मूस हेही पुलमन सोडून गेले होते, आणि कुठे, तर नेब्रास्काला. (सप्टेंबर २०२४ मधला या दोन विद्यापीठांतला ॲपल कपचा सामना वॉशिंग्टन स्टेटने २४–१९ असा जिंकला. त्या रात्री गावाला थोडं बरं वाटलं असणार.)

करारात जाणं अडवता येत नाही. जाण्याची किंमत ठरवता येते. तिला बायआउट म्हणतात, आणि तो कसा लिहिलाय यावर सगळं अवलंबून असतं.

सोपं गणित घ्या. समजा करार पाच वर्षांचा, पगार वर्षाला १० लाख डॉलर, आणि अट अशी की स्वतःहून सोडल्यास उरलेल्या पगाराच्या २५ टक्के भरायचे. दीड वर्षाने माणूस गेला तर साडेतीन वर्षांचे ३५ लाख उरतात. त्याचे २५ टक्के म्हणजे पावणेनऊ लाख डॉलर. वाचायला भरभक्कम वाटतं. पण पुष्कळ करारांत ‘मूळ पगार’ मुद्दाम लहान ठेवलेला असतो आणि बाकीची रक्कम प्रसारमाध्यमांतल्या उपस्थितीचं मानधन, देणगीदारांच्या कार्यक्रमांचं मानधन अशा नावांनी दाखवलेली असते. बायआउट नुसत्या मूळ पगारावर असेल आणि तो ४ लाखच असेल, तर हेच गणित साडेतीन लाखांवर येतं. पगार तोच, मुदत तीच, फक्त एका शब्दामुळे रक्कम निम्म्याहून कमी. चाहते करार किती वर्षांचा आहे ते बघतात. खरं म्हणजे बायआउट कशावर मोजला जातो ते बघायला हवं.

ती रक्कमही एडी स्वतःच्या खिशातून क्वचितच देतो. नवं विद्यापीठ ती भरतं आणि बऱ्याचदा तिच्यावरचा करही सोसतं. अल्बर्ट्स यांचा बायआउट ४० लाख डॉलरहून अधिक होता, तरी ए अँड एम थांबलं नाही. श्रीमंत विद्यापीठासाठी बायआउट हा टोलनाका आहे, पैसे टाकले की रस्ता मोकळा. लहान विद्यापीठ मात्र त्याच पैशांत पुढच्या शोधाचा खर्च भागवतं. म्हणून करार करताना मध्यम विद्यापीठांनी मुदतीच्या वर्षांपेक्षा पहिल्या दोन वर्षांचा बायआउट जड ठेवण्यावर जोर द्यावा, असं आमचं मत आहे. पळवापळवीचा धोका त्याच काळात सर्वांत जास्त असतो, आणि रक्कम सहसा दरवर्षी उतरत जाते. ती कुठल्या तारखेला उतरते हेही करारात लिहिलेलं असतं. ती तारीख कॅलेंडरवर मांडून ठेवा.

आणखी दोन कलमं शोधा. एक, दुसऱ्या विद्यापीठाशी बोलणी सुरू करण्याआधी अध्यक्षांना लेखी कळवण्याची अट आहे का. दुसरं, एका ठरावीक तारखेपर्यंत टिकल्यास मिळणारा बोनस. हा बोनस मोठा आणि लांबचा असेल तर माणूस थोडा थांबतो. तो नुकताच हातात पडला असेल तर सावध व्हा.

करार बघायला मिळतो. सरकारी विद्यापीठाचा करार ही सार्वजनिक नोंद असते. वॉशिंग्टन राज्यात अर्जाला ५ कामकाजाच्या दिवसांत उत्तर द्यावं लागतं, नेब्रास्कात ४, मिसिसिपीत ७. टेक्सासमध्ये कागद रोखायचा असेल तर १० कामकाजाच्या दिवसांत राज्याच्या ॲटर्नी जनरलकडे जावं लागतं. टेनेसीत मात्र फक्त त्या राज्याच्या रहिवाशालाच मागता येतं. हे दिवस उत्तराचे आहेत, कागदाचे नव्हेत. ‘अर्ज मिळाला, सहा आठवडे लागतील’ हेही उत्तरच असतं.

अर्जात काय लिहिता त्यावर बराच वेळ वाचतो. ‘एडीबद्दलची सर्व माहिती द्या’ असं लिहिलंत तर ईमेलचे डोंगर तपासण्याचं कारण पुढे करून महिने जातील. त्याऐवजी चार कागद नावानिशी मागा: नियुक्तीपत्र, सामंजस्य करार किंवा अटींचा तक्ता, सही झालेला पूर्ण करार आणि त्यानंतरच्या सर्व दुरुस्त्या. अटींचा तक्ता मागायला विसरू नका. पुष्कळ एडी कित्येक महिने नुसत्या दोन पानी अटींवर काम करतात आणि पूर्ण करार नंतर होतो. पगाराचा काही भाग विद्यापीठाशी संलग्न प्रतिष्ठान देत असेल तर तो करार वेगळा असतो, आणि तो या कायद्यात बसेलच असं नाही. मग त्या प्रतिष्ठानाचं आयकर खात्याकडे भरलेलं वार्षिक विवरण, म्हणजे फॉर्म ९९०, बघावं. सदर्न कॅलिफोर्नियासारख्या खासगी विद्यापीठांचे पगार बाहेरच्यांना कळतात ते मुख्यतः याच फॉर्ममधून, तेही दीड-दोन वर्षं उशिरा.

प्रश्न: आपल्याकडच्या विद्यापीठांत असं का होत नाही?
*एक शारीरिक शिक्षण शिक्षक, पुणे*

पगाराची रचना. महाविद्यालयातल्या शारीरिक शिक्षण संचालकाला यूजीसीची तीच वेतनश्रेणी मिळते जी सहायक प्राध्यापकाला मिळते. सातव्या वेतन आयोगानुसार ती दरमहा ५७,७०० रुपये मूळ वेतनापासून सुरू होते. विद्यापीठाच्या संचालकाची श्रेणी १,४४,२०० पासून. पुण्यात, कोल्हापुरात किंवा नांदेडमध्ये आकडा तोच, म्हणून पळवण्यात कुणाला रस नाही. दुसरं असं की आंतरविद्यापीठ स्पर्धांना तिकिटं नाहीत आणि प्रसारणाचे हक्क विकून विद्यापीठाच्या हाती काही पडत नाही. आपल्या संचालकाला पैसा कमवायचा नसतो, मंजूर झालेला खर्च करायचा असतो. दोन्हीकडे पदाचं नाव सारखं दिसलं तरी काम एक नाही.

प्रश्न: मिसिसिपी स्टेटमधून एडी जातात ते जातातच. आमचंच विद्यापीठ दरवेळी का लुटलं जातं? आणि यात नुकसान नेमकं कुणाचं?
*एक वाचक, स्टार्कव्हिल, मिसिसिपी*

तुमची तक्रार आकड्यांनिशी खरी आहे. ग्रेग बर्न २०१० मध्ये ॲरिझोनाला गेले (आणि २०१७ मध्ये तिथून अलाबामाला). त्यांच्यानंतरचे स्कॉट स्ट्रिकलिन २०१६ मध्ये फ्लोरिडाला गेले. त्यांच्यानंतरचे जॉन कोहेन ३१ ऑक्टोबर २०२२ रोजी ऑबर्नला गेले. सलग तीन. शेवटचे दोघे तर मिसिसिपी स्टेटचेच माजी विद्यार्थी.

आधीच्या उत्तरात अध्यक्ष बदलण्याचं कारण सांगितलं, ते इथे लागू पडत नाही. मार्क कीनम २००९ पासून अध्यक्ष आहेत आणि तिन्ही एडी त्यांच्याच काळात गेले. इथे कारण परिषद आहे. मिसिसिपी स्टेट एसईसी या बड्या परिषदेत आहे, पण तिथल्या लहान अंदाजपत्रकांपैकी एक त्यांचं. त्याच परिषदेतल्या मोठ्या विद्यापीठाला माणूस हवा असतो तेव्हा ते बघतं की या गृहस्थाने एसईसीचे नियम, वेळापत्रक, प्रसारणाचे करार आणि देणगीदार हाताळलेत, तेही कमी पैशांत. शिकवून घ्यायची गरज नाही. शिवाय मिसिसिपीच्या कायद्याने सरकारी करार चार वर्षांहून लांब करता येत नाहीत, त्यामुळे उरलेल्या मुदतीवर मोजला जाणारा बायआउट इतरांइतका वाढवणंच अवघड.

न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो विद्यापीठाचंही हेच झालं, फक्त एक पायरी खाली. वॉर्ड मॅन्युएल कनेटिकटला, डॅनी व्हाइट सेंट्रल फ्लोरिडाला, ॲलन ग्रीन ऑबर्नला. गंमत म्हणजे ऑबर्नमध्ये ग्रीन यांच्या जागी आले ते तुमचे कोहेन.

नुकसान कुणाचं, हे २०२२ च्या हिवाळ्यात स्पष्ट दिसलं. कोहेन ऑक्टोबरअखेर गेले. कायमचा एडी नेमायच्या आतच, १२ डिसेंबरला, फुटबॉलचे प्रशिक्षक माइक लीच यांचं अचानक निधन झालं. नवा प्रशिक्षक ठरवायचा होता आणि ज्याने तो ठरवायचा त्या खुर्चीत हंगामी माणूस होता. संघातल्याच झॅक आर्नेट यांना बढती दिली गेली. त्या परिस्थितीत खेळाडूंना एकत्र ठेवण्यासाठी ते समजण्यासारखं होतं. जानेवारी २०२३ मध्ये ओक्लाहोमाहून झॅक सेल्मन एडी म्हणून आले, आणि नोव्हेंबरमध्ये, पहिला हंगाम संपायच्या आत, आर्नेट यांना काढावं लागलं. एडी गेल्याने होणारं नुकसान असं असतं. ते जाहीर होण्याच्या दिवशी दिसत नाही. खुर्ची रिकामी असताना घ्यावा लागलेल्या पुढच्या मोठ्या निर्णयात दिसतं.

म्हणून प्रश्न ‘तो का गेला’ हा नसावा. कोण कुठल्या पदासाठी आधीच तयार आहे, हा असावा. ज्या अध्यक्षाच्या टेबलाच्या खणात तीन-चार नावं कायम लिहिलेली असतात, त्याचा शोध आठवड्यात संपतो. ज्याच्याकडे नसतात तो आधी सल्लागार कंपनी नेमतो, मग समिती नेमतो, आणि तोवर महिना उलटतो.

आणि सगळेच जातात असंही नाही. केंटकीचे मिच बार्नहार्ट २००२ मध्ये ओरेगन स्टेटहून आले आणि दोन दशकांहून जास्त टिकले. आयोवा स्टेटचे जेमी पोलार्ड २००५ पासूनचे.

प्रश्न: आम्ही दोघं नवरा-बायको सिॲटलमध्ये नोकरी करतो. फुटबॉलच्या सीझन तिकिटांसाठी दरवर्षी विद्यापीठाच्या निधीला देणगी द्यावी लागते. डॅनन पाच महिन्यांत निघून गेले तेव्हा आमच्या मित्रांपैकी काहींनी देणगी बंद केली. हा मार्ग बरोबर आहे का?
*सिॲटल*

राग व्यक्त करायला चालेल, पण ज्यांच्यावर राग आहे त्यांच्यापर्यंत तो पोचत नाही. गेलेल्या माणसाचा पगार आता दुसरीकडून होतो. तुमच्या देणगीतून चालते ती प्रामुख्याने खेळाडूंची शिष्यवृत्ती आणि लहान खेळांचा खर्च.

बंद करण्याआधी तुमचा पैसा कुठल्या प्रकारचा आहे ते पाहा, कारण प्रत्येकाचे परिणाम वेगळे.

तिकिटाशी जोडलेली वार्षिक देणगी थांबवली तर जागेवरचा हक्क जातो, आणि बहुतेक ठिकाणी वर्षानुवर्षं साठलेले प्राधान्य गुणही घसरतात. परत यायचं ठरवलंत तर रांगेत मागे उभं राहावं लागतं. नूतनीकरणाची मुदत पुष्कळदा हिवाळ्याच्या शेवटी असते, नेमकी एडी बदलण्याच्या धामधुमीत. लोक रागाच्या भरात ती चुकवतात आणि ऑगस्टमध्ये पस्तावतात. कराबाबतही गैरसमज आहे. तिकिटाचा हक्क मिळवून देणाऱ्या देणगीवर पूर्वी ८० टक्के वजावट मिळायची. २०१७ च्या करकायद्याने ती २०१८ पासून पूर्ण बंद झाली. तेव्हा ‘करात सूट मिळते म्हणून देतो’ हे कारण तुमच्या यादीत असेल तर खोडून टाका.

बहुवर्षीय लेखी वचन दिलं असेल, समजा नव्या इमारतीसाठी पाच वर्षांत ठरावीक रक्कम, तर ते नुसतं थांबवता येईलच असं नाही. काही वचनपत्रं कायद्याने बांधून घेणारी असतात. सही केलेला कागद काढा आणि वाचा.

तिसरा प्रकार सर्वांत दुर्लक्षित. ‘एडीच्या इच्छेनुसार खर्च’ किंवा नुसतं ‘उत्कृष्टता निधी’ असं नाव असलेल्या खात्यात दिलेला पैसा. जुन्या एडीच्या शब्दावर विश्वास ठेवून तुम्ही तो दिलेला असतो, आणि नवा एडी आपल्या पसंतीने वापरतो. वाद इथेच होतात. यापुढे देताना चेकबरोबर लेखी अट घाला: महिला रोइंगची शिष्यवृत्ती, जिम्नॅस्टिक्सचा प्रवासखर्च, जे काही असेल ते. विद्यापीठाने अट मान्य केल्याचं पत्र मिळालं की मग चेक वटू द्या. एडी तीन बदलले तरी पैसा ठरल्या जागीच जातो. निषेध करायचाच असेल तर सरसकट खात्यातून काढून अशा बांधलेल्या खात्यात वळवा. कार्यालयात त्याची नोंद देणगी बंद करण्यापेक्षा जास्त गंभीरपणे घेतली जाते, कारण मोकळा खर्च करता येणारा पैसा कमी होतो.

डॅनन यांच्याबद्दल एक बाब ध्यानात ठेवा. त्यांच्या पाच महिन्यांत वॉशिंग्टन राष्ट्रीय अंतिम सामन्यात ८ जानेवारी २०२४ ला मिशिगनकडून ३४–१३ ने हरलं, चार दिवसांत प्रशिक्षक केलन डिबोअर अलाबामाला गेले, आणि आणखी दोन दिवसांत डॅनन यांनी ॲरिझोनाहून जेड फिश यांना आणलं. पाच महिने कमीच, पण रिकामे नव्हते. वॉशिंग्टनला बिग टेनमध्ये सुरुवातीला जुन्या सदस्यांच्या निम्म्याच्या आसपास, वर्षाला सुमारे ३ कोटी डॉलर, वाटा मिळणार होता. नेब्रास्काला पूर्ण. एकाच परिषदेत अर्ध्या ताटावरून पूर्ण ताटाकडे जाण्याचा मोह कोणालाही होईल. पाच महिन्यांत असं जाऊ देणारा करार कोणी लिहिला, हे मात्र विचारायला हवं.

प्रश्न: खेळाडूने संघ बदलला तर गद्दार, एडी बदलला तर ‘कारकिर्दीतली प्रगती’. हा दुजाभाव नाही का?
*ऑरलँडो, फ्लोरिडा*

आहे, आणि पूर्वी नियमांतही होता. मोठ्या खेळांतल्या खेळाडूने विद्यापीठ बदललं तर त्याला एक वर्ष बाहेर बसावं लागायचं. ती अट २०२१ मध्ये एका बदलापुरती आणि २०२४ मध्ये जवळजवळ पूर्ण गेली. एडीला एक दिवसही बाहेर बसावं लागलं नव्हतं.

तुमच्या ऑरलँडोचंच बघा. सेंट्रल फ्लोरिडाचे डॅनी व्हाइट जानेवारी २०२१ मध्ये वर्षाला १८ लाख डॉलरवर टेनेसीला गेले, आणि काही दिवसांतच तुमचे फुटबॉल प्रशिक्षक जॉश हायपल यांना तिकडे घेऊन गेले. एकाच महिन्यात दोन्ही खुर्च्या रिकाम्या. असा फटका टाळायचा असेल तर प्रशिक्षकाच्या करारात एक जादा ओळ लागते: माजी एडी जिथे काम करतो तिथे गेल्यास बायआउट दुप्पट. ती ओळ घालून घेण्याची वेळ प्रशिक्षकाची नेमणूक करतानाची. नंतर तो सही का करेल?

तरी ऑरलँडोचं वाटोळं झालं नाही. फेब्रुवारीत टेरी मोहाजिर आले, आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये विद्यापीठाला बिग १२ या मोठ्या परिषदेचं निमंत्रण मिळालं.

प्रश्न: मुलगी अमेरिकेत एका विद्यापीठाकडून टेनिस खेळते, शिष्यवृत्तीवर. तिथला एडी नुकताच दुसरीकडे गेला. तिच्या शिष्यवृत्तीला धोका आहे का?
*एक आई, नाशिक*

लगेच नाही. शिष्यवृत्तीचा करार विद्यापीठाशी असतो, एडीशी नव्हे. तो गेला म्हणून चालू वर्षाचं काही रद्द होत नाही. धोका असलाच तर पुढच्या बारा-अठरा महिन्यांत, आणि तो तीन वाटांनी येतो.

पहिली वाट, खेळच बंद होणे. खेळाडूंना थेट पैसे देण्याची सोय झाल्यापासून फुटबॉल आणि बास्केटबॉल सोडून बाकीच्या खेळांवर कात्री फिरण्याची भीती वाढली आहे, आणि कात्री फिरवायला नवा एडी सोयीचा असतो, कारण जुन्या आश्वासनांना तो बांधलेला नसतो. अल्बर्ट्स यांनी ओमाहामध्ये २०११ साली फुटबॉल आणि कुस्ती दोन्ही बंद केली होती. उलटही होतं: स्टॅनफर्डने २०२० मध्ये ११ खेळ बंद करण्याचं जाहीर केलं आणि खेळाडू व माजी विद्यार्थ्यांच्या दबावापुढे मे २०२१ मध्ये निर्णय मागे घेतला.

दुसरी वाट, प्रशिक्षक बदलणे. लहान खेळांत नवा एडी पहिल्या वर्षी सहसा हात घालत नाही. दुसऱ्या वर्षी घालतो.

तिसरी, संघाचा आकार. हाउस तडजोड स्वीकारलेल्या विद्यापीठांत शिष्यवृत्तींच्या संख्येवर मर्यादा नाही, पण संघातल्या एकूण खेळाडूंवर आहे, आणि टेनिससाठी ती १० आहे. नव्या प्रशिक्षकाने दोन खेळाडू आणले तर दोघांना जागा सोडावी लागते.

आता करायचं काय. मुलीला तिचं शिष्यवृत्तीचं पत्र काढायला सांगा आणि मुदत बघा: एक वर्ष की अनेक वर्षं. एक वर्षाचं असेल तर पुढच्या वर्षी ते चालू राहणार की नाही, हे विद्यापीठाने १ जुलैपर्यंत लेखी कळवायचं असतं. तोंडी ‘काळजी करू नका’ यावर थांबू नका. नकार किंवा कपात आली तर दाद मागण्याची संधी असते. ती सुनावणी क्रीडा विभागाबाहेरची समिती घेते, पण अर्जाची मुदत थोडी असते. पत्र आलं त्याच दिवशी तारीख टिपून ठेवा.

विद्यापीठ बदलायची वेळ आलीच तर एफ-१ व्हिसावरच्या विद्यार्थ्यांचा क्रम उलटा होतो, आणि इथेच घोटाळे होतात. खेळाडू आधी ट्रान्सफर पोर्टलवर (विद्यापीठ बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीत) नाव टाकते आणि मग व्हिसाचा विचार करते. तिने आधी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयातल्या अधिकाऱ्याला भेटावं. पोर्टलमध्ये नाव गेलं की सध्याचं विद्यापीठ पुढच्या सत्राची शिष्यवृत्ती थांबवू शकतं, आणि नव्या विद्यापीठाचा प्रवेश हातात नसेल तर सेविसमधली, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदवहीतली, नोंद कुठे हलवायची हा प्रश्न उभा राहतो. प्रवेशपत्र, शिष्यवृत्तीचं लेखी पत्र, मग नोंद हलवण्याची तारीख, मग नवीन आय-२० (व्हिसासाठी विद्यापीठ देतं तो दाखला), या क्रमाने गेलं तर मधे भोक पडत नाही. आणि कोणी जाहिरात किंवा प्रायोजकत्वाचे पैसे देऊ केले तर अमेरिकेत असताना त्या कामाला हात लावण्याआधी त्याच अधिकाऱ्याला विचारावं. सहखेळाडूंना चालतं ते एफ-१ वर चालेलच असं नाही.